जबलपूरला टाके घालायला गेले होते

जबलपूरहून आल्यापासून जो भेटतो तो मला विचारतो, संगमरवराचे कडे पाहिले का, नर्मदा कशी आहे, आणि मी त्याला खांद्याबद्दल सांगत बसते. समोरच्याचा चेहरा पडतो, पण माझा इलाज नाही. तिथे जे घडलं त्यानं माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. कडे आणि नर्मदा त्यांच्या त्यांच्या जागी येतील.

मी सांगलीत हाडांची डॉक्टर आहे. बाई आणि हाडांची डॉक्टर म्हटलं की अजूनही लोक आधी मला भूल देणारी समजतात, मग व्यायाम शिकवणारी, आणि शेवटी नाइलाज म्हणून हाडांची. तर जबलपूरच्या एका कार्यशाळेचं मला बोलावणं आलं. विषय होता निसटणारा खांदा, आणि तो शिवण्याचे दोन टाके.

हे टाके काय आहेत ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत ठेवलेला चेंडू. वाटीच्या काठाला एक मऊ किनार असते, तीच चेंडूला आत धरून ठेवते. माणूस पडला, खांदा निखळला, की ही किनार पुढच्या बाजूला फाटते आणि मग खांदा ऊठसूट निसटायला लागतो. आम्ही दुर्बिणीतून आत शिरतो, हाडात बारीक खुंट्या बसवतो, आणि त्यांच्या दोऱ्यानं किनार परत काठाला शिवतो. साध्या टाक्यात दोरा किनारीतून एकदा काढून गाठ मारायची. पटकन होतं, पण गाठ सांध्यात घासण्याची धास्ती. गादीटाक्यात दोरा दोनदा आरपार जातो आणि गाठ सांध्यापासून लांब पडते. वेळ जातो, हात बसलेला लागतो, पण किनार मूळच्या उंचीवर उभी राहते, असं माझं मत. मी गादीटाकेवाली. इंदूरचे एक डॉक्टर साधेटाकेवाले. दोघांनी एकेका रुग्णावर आपापला टाका घालायचा आणि बाहेर सभागृहात बसलेल्या डॉक्टरांनी तो पडद्यावर पाहायचा, असा बेत होता.

माझी एकच अट होती. ज्या रुग्णाला हात लावायचा तो मी आधी स्वतः तपासणार. आयोजक डॉक्टरांनी फोनवर "बिल्कुल, मॅडम" म्हटलं होतं. सोबत स्कॅन पाठवला होता. बावीस वर्षांची मुलगी, उजवा खांदा. किनार एका ठिकाणी धूसर दिसत होती आणि अहवालात "फाटल्याची शक्यता" असं लिहिलं होतं. तेवढ्यावर कुणी कुणाला शिवत नाही, म्हणून तर अट घातली होती.

गोरखपूर

स्टेशनवर उतरले तोच पहिला झटका. मला न्यायला आलेले गृहस्थ हसत म्हणाले की होटेलात लग्नाची पार्टी उतरली आहे, खोल्या भरल्या, म्हणून मॅडमची सोय एका महाराष्ट्रीय घरी केली आहे. घर जैसा खाना. मी विचारलं, इंदूरच्या डॉक्टरांची सोय कुठे? ते म्हणाले, होटेलात. रायपूरच्या? होटेलात. म्हणजे लग्नाची पार्टी फक्त माझ्याच खोलीत उतरली होती. बाईमाणूस आहे, चालवून घेईल. मी गाडीत बसेपर्यंत माझा पारा चढलेला होता. त्यात बॅगेत हात घातला तर शिकवण्यासाठी नेलेल्या प्लास्टरच्या खांद्याचे तुकडे झालेले. वरच्या बर्थवरच्या कुटुंबानं त्यावर आपली पेटी ठेवली होती.

गाडी गोरखपूरला थांबली. हे गोरखपूर म्हणजे जबलपूरचाच एक गजबजलेला भाग. कापडाची दुकानं, मिठाईवाले, कोपऱ्यावर जलेबीची कढई, आणि मागच्या गल्लीत वानखडेंचं दुमजली घर. सुधाकरराव वानखडे कारखान्यातून निवृत्त झालेले, इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस. आजोबा अमरावतीकडून आले ते इथलेच झाले. शोभाताई दारातच हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभ्या. मी घुश्शात आणि त्या आनंदात.

"या ताई, या. आम्ही सकाळपासून वाट पाहून राहिलो," त्या म्हणाल्या. "तुमच्याच हातून होणार न आमच्या रेवाचं, म्हणून यांनी साहेबांना म्हटलं, मॅडमला आमच्याच घरी उतरवा."

मी चप्पल काढता काढता थांबले. "रेवा कोण?"

"आमची मुलगी. उद्या तुम्ही तिचाच खांदा शिवणार न जी."

म्हणजे स्कॅनमधली बावीस वर्षांची मुलगी ती हीच. आणि मी तिच्या आईकडून कुंकू लावून घेत होते. लग्नाच्या पार्टीवरचा माझा राग निम्मा विरला, कारण इथे उतरवण्यामागे हे दोघं होते. मी म्हटलं, बोलवा तिला, आत्ताच तपासते. तर रेवा घरी नव्हती. ती लहान मुलांना पोहायला शिकवते. तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला, यायला संध्याकाळ होणार होती.

पुढ्यात पोहे आले आणि पोह्यांशेजारी जलेबी. आमच्याकडे जलेबी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला खातात, इथे ती पोह्यांची सख्खी बहीण असल्यासारखी रोज ताटलीत येते. खव्याची जलेबी तर मी पहिल्यांदाच खाल्ली, काळपट, जाड, गुलाबजामच्या नात्यातली. राग असताना गोड खाऊ नये असं माझं मत होतं. ते इथे बदललं.

भेडाघाट

दुपारी आयोजकांनी सगळ्या पाहुण्यांना भेडाघाटला नेलं. मी म्हटलं, मला घाट नको, रुग्ण दाखवा. ते म्हणाले, "अरे मॅडम, नर्मदा जी के दर्शन तो कर लीजिए." धबधबा पाहिला. पाणी खाली आदळून त्याचा धूर होतो, चष्मा ओला होतो आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. मग नावेत बसलो. दोन्ही बाजूंना उभे संगमरवरी कडे, कुठे पांढरे, कुठे पिवळसर, कुठे शाईसारखे काळे, आणि मधून हिरवट पाणी संथ चाललेलं. नावाडी यमकं जुळवत माहिती सांगत होता आणि दर वाक्याला लोक हसत होते. त्या कड्यांमधून जाताना माणूस आपोआप गप्प होतो, पण आमच्या नावेत कार्यशाळेचा फलक आणलेला होता. तो धरून फोटो काढायचा म्हणून नाव दोनदा उलटी फिरवली.

इंदूरचे डॉक्टर माझ्या शेजारी होते. उमदा माणूस. सगळी वाट आम्ही गाठींवर वाद घातला आणि तो वाद मजेचा होता. त्यांचा रुग्ण जवळच्याच सिहोरा गावचा होता, मोटरसायकलवरून पडलेला. त्याला त्यांनी सकाळीच पाहिलं होतं.

"आणि माझा?" मी आयोजकांना पुन्हा विचारलं.

"मॅडम, वो तो आपके घर में ही है," ते हसून म्हणाले. "कल टेबल पर देख लीजिएगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सांगलीत माझ्या दवाखान्यात गुडघा दुखतो म्हणून आलेल्या आजीचेही मी दोन्ही गुडघे पाहते. जो दुखतो तो कसा आहे, हे न दुखणाऱ्यावरून कळतं, एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. आणि इथे टेबलवर बघा. म्हणजे ती भूल देऊन आडवी झाल्यावर, कॅमेरे चालू झाल्यावर, सभागृह भरल्यावर.

पोळ्यांची टोपली

संध्याकाळी घरी आले तेव्हा रेवा आलेली होती. उंच, लांब हातांची, केस अजून ओले असल्यासारखे मागे बांधलेले. तिनं मला "नमस्ते आंटी" म्हटलं. मराठी तिला सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की गाडी हिंदीवर जाते. मी म्हटलं, चल, खांदा पाहू. शोभाताई म्हणाल्या, आधी जेवण. त्या घरात शोभाताईंपुढे कुणाचं चालत नाही हे मला तोवर कळलं होतं.

सांबारवडी होती आणि कढी. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. आपल्याकडे कोथिंबिरीची वडी वाफवून, तुकडे करून तळतात. इथे कोथिंबिरीचं झणझणीत सारण पोळीत भरतात, गुंडाळी करतात आणि सबंध तळतात. मी चार खाल्ल्या आणि आमच्या सांगलीच्या वडीशी मनातल्या मनात गद्दारी केली.

जेवताना सुधाकररावांनी विचारलं, हे दोन टाके म्हणजे भानगड काय आहे? माझं प्लास्टरचं मॉडेल फुटलं होतं. शोभाताईंनी कुकरची जुनी रबरी रिंग आणून दिली आणि पोळ्या ठेवायची जाळीदार टोपली. टोपलीचा काठ म्हणजे हाड, तिची भोकं म्हणजे खुंट्यांच्या जागा, आणि रिंग म्हणजे ती मऊ किनार. दाभण आणि दोरा घेऊन मी एका बाजूला साधा टाका घातला, दुसऱ्या बाजूला गादीटाका. सगळे टेबलाभोवती वाकून पाहत होते. सुधाकररावांच्या मोठ्या बहीण, कुमुदआत्या, म्हणाल्या, "हा दुसरा मजबूत दिसून राहिला जी." मला त्या लगेच आवडल्या.

मी खुशीत आहे असं पाहून सुधाकरराव उठले. "मॅडम, तुम्ही तुमची कला दाखवली. आता वानखड्यांची कला पाहा."

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं धरला आणि मागे दाबला. तो सरळ मनगटापलीकडे, कोपराकडच्या हाताला जाऊन टेकला. मग दुसरा. कुमुदआत्या साठीच्या पुढच्या, त्यांनी गुडघे न वाकवता दोन्ही तळवे फरशीवर ठेवले आणि वर येऊन कोपरं उलटी करून दाखवली. शोभाताई कौतुकानं हसत होत्या. पाहुणा आला की हा कार्यक्रम होतोच, असं त्यांनी सांगितलं. त्या स्वतः माहेरच्या देशकर, त्यांना नाही येत.

"आता रेवाची पाहा," सुधाकरराव म्हणाले. "हिची सगळ्यात भारी."

रेवा उभी राहिली. तिनं हात सैल सोडले. उजव्या खांद्याच्या टोकाखाली एक खळगा पडला, अंगठा बसेल एवढा. खांदा खाली उतरला होता. तिनं तो परत वर घेतला. मग तिनं डावा खांदाही तसाच उतरवून दाखवला.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली टोपली मी टेबलावर ठेवली.

मी तिला तिथेच खुर्चीवर बसवून तपासलं. उजवा खांदा पुढे निसटत होता, मागे निसटत होता, खाली निसटत होता. डावा, ज्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, तोही थोडाफार तसाच. हिची किनार फाटलेली नव्हती. हिचं सगळं आवरणच जन्मापासून सैल होतं, बापाचं होतं तसं, आत्याचं होतं तसं. रिंगच सगळीकडून सैल असेल तर रिंगचा एक कोपरा शिवून काय होणार? पुढून आवळलं तर मागून निसटणार, किंवा ताणून पुन्हा सैल होणार, आणि मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. अशा खांद्याला आधी चांगल्या माणसाच्या देखरेखीखाली महिनोन् महिने व्यायाम लागतो. त्यानं भागलं नाही तरच सुरी, आणि तीही वेगळी.

"हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"काहून सांगायचं? त्यांनी पुसलंच नाही," सुधाकरराव म्हणाले. "आणि हा काही आजार आहे का जी? ही तर आमच्या घराण्याची कला आहे."

"डावा खांदा कुणी पाहिला?"

रेवानं मान हलवली. "नहीं आंटी. उधर तो दर्द ही नहीं है."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. कार्यशाळेसाठी दुसरा एक रुग्ण ठरला होता, तो ऐन वेळी पळाला. तुलना करायची तर दोन खांदे हवेत. तेव्हा आयोजकांना आठवलं, आपल्या वानखडेंची मुलगी खांदा दुखतो म्हणून आली होती. फोन केला. ऑपरेशन फुकट, बाहेरून मोठ्या डॉक्टर येणार. सुधाकररावांनी सबंध मंडळात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मी तिथेच आयोजकांना फोन लावला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, ते पहिल्या वाक्यापर्यंत टिकलं. हा शिवायचा खांदाच नाही, मी हिला हात लावणार नाही, असं सांगितलं.

"मॅडम, दो केस का प्रोग्राम छप चुका है," ते म्हणाले. "एक टाँका इधर, एक टाँका उधर, तभी तो तुलना होगी."

"तुमच्या तुलनेसाठी मुलीचा खांदा कापायचा?"

"अरे, बिगड़ेगा थोड़े ही. चलो, आप नहीं करेंगी तो इंदौर वाले सर कर देंगे. वो दोनों टाँके लगा लेते हैं."

फोन ठेवून मी लगेच इंदूरच्या डॉक्टरांना लावला, तो बंद होता. मी नाही म्हटल्यानं काहीच थांबणार नव्हतं. टाका ठरलेला होता, सुई ठरलेली होती, फक्त हात दुसऱ्याचा येणार होता.

सुधाकररावांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मी साहेबांना शब्द दिला आहे," ते म्हणाले. "मंडळात सगळ्यांना सांगून बसलो. आता काय तोंड दाखवू?"

मला त्यांचाही राग आला. पण हा माणूस मुलीवर जीव टाकणारा होता, फक्त एका मोठ्या डॉक्टरनं नावानिशी फोन केला याचं त्याला अप्रूप होतं. मी रेवाकडे वळले. तुला काय हवंय, असं तिला तोवर कुणीच विचारलेलं नव्हतं.

ती टोपलीवरची रिंग चाचपत होती. "आंटी, एक छोटा लड़का मेरे हाथ में था, पानी में," ती म्हणाली. "कंधा उतर गया. मैंने दूसरे हाथ से पकड़ लिया उसको, कुछ हुआ नहीं. पर तब से मैं पानी में नहीं उतरती. किनारे बैठकर सीटी बजाती हूँ. मुझे बस इतना चाहिए कि बच्चे को पकड़ूँ तो हाथ ना छूटे."

"ते टाक्यानं होणार नाही. व्यायामानं होईल, असं मला वाटतं. खात्री देत नाही, पण आधी तेच करायला हवं."

"एक्सरसाइज़ का काग़ज़ तो उन्होंने दिया था," ती कंटाळून म्हणाली. कागद दिला होता. तिच्या हाताला हात लावून शिकवलं कुणी नव्हतं.

निर्णय झाला नाही. सुधाकरराव उठून अंगणात गेले आणि तिथेच फेऱ्या मारत राहिले.

सभागृह

सकाळी सगळे इस्पितळात. रेवाला सांगितल्याप्रमाणे उपाशी ठेवून आणलं होतं. सुधाकररावांचं अजून ठरत नव्हतं, पण दिलेल्या शब्दाखातर ते आले होते. बाप-लेक वॉर्डकडे गेले आणि मी सभागृहात. माझा जीव वॉर्डमध्ये होता.

पहिली शस्त्रक्रिया इंदूरच्या डॉक्टरांची. सिहोऱ्याच्या त्या तरुणाची किनार पुढून साफ फाटलेली, पडद्यावर झेंड्यासारखी हलताना दिसत होती. त्यांनी साध्या टाक्यांनी ती शिवली. सुरेख काम. मी गादीटाकेवाली असले तरी खरं ते खरं. त्या खांद्याला कुठलाही टाका चालला असता, कारण शिवायला तिथे काहीतरी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मग जाहीर झालं, आता दुसरी केस, गादीटाका. मी उठून ध्वनिक्षेपकापाशी गेले. सांगितलं, मी ही शस्त्रक्रिया करणार नाही, आणि कुणीच करू नये. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, चर्चा भोजन के बाद." मागून कुणीतरी म्हणालं, फिजिओ मॅडम को समय दे दो भाई. हशा झाला. मी दोन्ही खांद्यांबद्दल सांगायला सुरुवात केली तोच ध्वनिक्षेपक बंद केला. बंद केला म्हणजे खरोखर बटण दाबून बंद केला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सुधाकरराव आत आले, मागे कुमुदआत्या, आणि त्यांच्या मागे इस्पितळाच्या हिरव्या झग्यावर आत्याची शाल पांघरलेली रेवा. मधल्या वाटेनं ते सरळ मंचावर आले. आयोजक उठून उभे राहिले.

"साहब लोगों, मैं लड़की का बाप हूँ," सुधाकरराव म्हणाले. "वहाँ आपका आदमी कंधे पे निशान लगा रहा था. मैंने पूछा, इसका नाम मालूम है? बोला, केस नंबर दो. मैंने कहा, ठीक है, केस नंबर दो का पूरा खानदान देख लो."

आणि त्यांनी आपला अंगठा मागे दाबून हाताला टेकवला.

कुमुदआत्यांनी पदर खोचला, तळवे फरशीवर ठेवले, मग कोपरं उलटी केली. रेवानं शाल काढून आत्याकडे दिली. दोन्ही हात सैल सोडले. दोन्ही खांद्यांखाली खळगे पडले, मागच्या रांगेतूनही दिसावेत असे. घरी याच कार्यक्रमाला टाळ्या पडतात. इथे डॉक्टरांनी भरलेल्या सभागृहात कुणी हललं नाही.

पहिल्या रांगेत एक म्हातारे डॉक्टर होते, सकाळपासून पेंगत असलेले. ते जागे होऊन म्हणाले, "इसका दूसरा कंधा किसने देखा था?"

आयोजक हातातले कागद चाळायला लागले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पडद्यावर तोवर शस्त्रक्रियागृह दिसत होतं. इंदूरचे डॉक्टर हातमोजे घालून तयार उभे होते, सभागृहात लावलेल्या कॅमेऱ्यातून हे सगळं त्यांना तिकडे दिसत आणि ऐकू येत होतं. त्यांनी हातमोजे काढले. "मुझे तो बताया गया था कि जाँच हो चुकी है," ते म्हणाले. "मैं नहीं करूँगा."

यानंतर सगळ्यांना लाज वाटून कार्यशाळा संपली असं वाटत असेल, तर तुम्ही अशा कार्यशाळा पाहिलेल्या नाहीत. मध्ये थोडी कुजबूज झाली, आणि जेवणानंतर आयोजकांनी प्लास्टिकचा एक खांदा आणून माझ्यापुढे ठेवला. मॅडम, कार्यक्रमात तुलना छापलेली आहे, याच्यावर तरी गादीटाका दाखवा. इतके लोक लांबून आले होते, त्यातले काही तरुण खरोखर शिकायला आले होते, म्हणून मी दाखवला. मग हात वर करून मतं घेतली. गादीटाका जिंकला. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडत आले तो टाका सभागृहानं विजयी ठरवला आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

परत

गाडी रात्रीची होती. तोवर गोरखपूरच्या त्या घरात मी रेवाला अंगणात उभं करून व्यायाम शिकवला. खांदा हलवायचा नाही, आधी पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, जागेवर धरायला शिकायचं. दाराला टॉवेल बांधून, माझा हात तिच्या पाठीवर ठेवून. तिला जमेना, ती चिडली. मी तिच्यापेक्षा जास्त चिडले, आणि मग जमलं. शहरातल्या एका व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशी फोनवर बोलून तिला त्यांच्या हवाली केलं. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, दोन्ही खांदे सैल आहेत का? मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

आणि रेवाला एक ताकीद दिली. पाहुणे आले तरी खांदा उतरवून दाखवायचा नाही. कला बंद. सुधाकररावांना हे सर्वांत जड गेलं. "अंगठा तरी चालेल न?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचा चालेल, तिचा नाही. शोभाताईंनी डब्यात सांबारवड्या बांधून दिल्या, त्या इटारसीच्या आधीच संपल्या.

काही महिन्यांच्या व्यायामानंतर परवा रेवाचा आवाजी निरोप आला. मुद्दाम मराठीत, अडखळत. "आंटी, मी आज पाण्यात उतरली. छोट्याला पकडलं. हात नाही सुटला." मागे मुलांचा गलका आणि पाण्याचा आवाज. मी तो निरोप दवाखान्यात बसून तीन-चारदा ऐकला, बाहेर रुग्ण खोळंबले होते.

त्याच आठवड्यात आयोजकांचंही पत्र आलं. पुढच्या कार्यशाळेला यावं, विषय पुन्हा खांदाच. मागच्या वेळी राहण्याची गैरसोय झाली त्याबद्दल त्यांना फार वाईट वाटतं, या वेळी होटेलात खोली नक्की, हे वाक्य ठळक अक्षरांत. बाकी कशाबद्दल वाईट वाटल्याचं पत्रात नव्हतं.

ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. त्या दिवशी मला होटेलात खोली मिळाली असती, तर मी तिथे जेवले असते, तिथे झोपले असते, आणि सकाळी टेबलवर मला एक हिरवी चादर आणि तिच्यातून दिसणारा एक खांदा मिळाला असता. भूल दिलेली, कॅमेरा चालू, बाहेर सभागृह भरलेलं. हात लावल्याबरोबर तो सैल आहे हे मला कळलं असतं. तेव्हा मी थांबले असते असं म्हणायला मला आवडेल. पण माझा हात चांगला आहे, टाका माझा आवडता आहे, आणि लोक तो पाहायला आले होते. मी तिला फार सुंदर शिवलं असतं.

पत्राला उत्तर लिहिलं आहे. येईन, पण होटेल नको. ज्याचा खांदा असेल त्याच्या घरी आदल्या दिवशी माझं पान मांडा.